गडग्यातलं माप

पेटी मोठी करायची की लहान, हे मी ठरवलं होतं. त्यामुळे पुढे जे झालं त्याचा दोष मला दुसऱ्या कुणाला देता येत नाही.

मी तेव्हा रत्नागिरीच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. वडील मुंबईला नोकरीला, घरी आई आणि मी. आमच्या काजूच्या बागेला चिऱ्याचा गडगा, म्हणजे दगड रचून केलेलं कुंपण आहे. त्यातल्या एका पोकळीत सातेरी जातीच्या मधमाश्या राहत होत्या. त्या पेटीत आणून पाळायचं मी ठरवलं. वाचनालयातल्या पुस्तकात पेटीच्या खालच्या कप्प्याची, म्हणजे जिथे राणी अंडी घालते आणि पिल्लं वाढतात त्या शिशुकक्षाची, दोन मापं दिली होती. आठ लहान चौकटींचं एक आणि दहा मोठ्या चौकटींचं दुसरं. मोठ्या पेटीत मध जास्त, असं मी धरून चालले. सुताराने विचारलं, नक्की हेच ना? मी पुस्तक पुढे केलं. आई म्हणाली, ती वाचून सांगतेय, तसंच कर.

फाल्गुनात पोळी कापून, केळीच्या सोपटाच्या दोऱ्यांनी चौकटींना बांधून माश्या पेटीत आणल्या. मे महिन्यापर्यंत पेटी घुमत होती. श्रावणात एका उघडिपीला झाकण काढलं, तर माश्या मधल्या चार चौकटींवर गोळा झालेल्या. दोन्ही कडांच्या पोळ्यांवर राखायला माशी नाही, नुसती मेणकिड्याची पांढरी जाळी. दारातून आत जाणाऱ्या माश्यांच्या पायांना परागही दिसत नव्हता. अशा वेळी माश्या एखाद्या दुपारी पेटी सोडून उठून जातात, हे त्याच पुस्तकात होतं. ते पान मी आधीही वाचलं होतं.

आईला सांगायला मला संध्याकाळ झाली.  सकाळी खराट्यातला एक हीर, नारळाच्या पातीची काडी, काढून ती बागेकडे गेली. मी मागून गेले. तिने गडग्याच्या रिकाम्या पोकळीत हात घातला. छताच्या चिऱ्याला मेणाच्या सात ओळी अजून चिकटलेल्या होत्या आणि बाजूच्या दगडावर पोळं कुठवर उतरलं होतं त्याची खूण होती. आईने हीर छतापासून त्या खुणेपर्यंत धरला आणि तिथे मोडला.

"एवढंच बांधतात त्या," ती म्हणाली. "जागा खाली हाय बघ, हातभर. तरी बांधलं नाय."

घरी येऊन मी तो हीर पुस्तकातल्या लहान चौकटीच्या उंचीच्या मापाशी लावून पाहिला. थोडासाच फरक होता. हीर मी त्याच पानात खुणेला ठेवला.

सुताराने दोन दिवसांत लहान पेटी दिली. तिसऱ्या दिवशी दुपारी ऊन पडलं. पण समुद्राकडून काळं येत होतं. उघड्या पिल्लांवर पाऊस पडला असता तर सगळंच संपलं असतं. आईने नारळाची सोडणं, वरची सालं, पेटवून धूर केला. मी एकेक पोळं आडवं धरून वरचा मधाचा भाग कापत होते, पिल्लांचा भाग लहान चौकटीत बांधत होते. हात चिकट झाले होते, सोपट सुटत होतं. चारही पोळी झाली, पण राणी दिसली नाही. चुकून ती सुरीखाली आली असेल, असं मनात आलं आणि मला पुढचं काही सुचेना. पहिले थेंब पाठीवर पडले. आईने पानांचं इरलं पेटीवर धरलं.

"आता रडू नको. ती लांबडी ना? काळपट?"

"हो."

"मग ही काय."

मोठ्या पेटीच्या रिकाम्या कोपऱ्यात, लाकडावर, चार-पाच माश्यांच्या घोळक्यात ती होती. मी रिकामी काड्यापेटी उघडून तिच्यापुढे धरली. ती आत जाईपर्यंत किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. आई तोवर भिजत उभी होती.

राणीला आणि उरलेल्या माश्यांना लहान पेटीत सोडून झाकण लावलं, त्या उठून जाऊ नयेत म्हणून दाराला जाळी बसवली. साखरेचं पाणी आत ठेवलं होतं. दोन दिवस मी कॉलेजला गेले नाही. आई विचारायची, गुंजतात का गो? मी कान लावून हो म्हणायचे, पण मला खात्री नसायची. माझ्याच कानातला आवाज असेल असं वाटायचं. तिसऱ्या सकाळी जाळी काढली. माश्या बाहेर पडल्या, पेटीभोवती फिरल्या आणि गेल्या. आम्ही पायरीवर बसून राहिलो. चहा निवला. बऱ्याच वेळाने एक माशी परत आली. तिच्या मागच्या पायांना पिवळं काही लागलेलं होतं. पाठोपाठ दुसरी आली. पराग आणतायत म्हणजे आत पिल्लांना भरवतायत, हे मी आईला सांगितलं. ती उठली आणि चहा परत गरम करायला गेली.

मोठी पेटी तिने धुऊन पडवीत ठेवली. भादव्यात तिच्यात भाताचं तूस पसरून खुडूक कोंबडी अंड्यांवर बसवली. मी तेच मधमाश्यांचं पुस्तक वाचत होते, तेव्हा तिकडून आईचा आवाज आला.

"बघ गो, हिच्या अंड्यांचं माप दिलंय काय त्यात."

मी नाही म्हटलं. आईने मोडलेला तो हीर अजून मापाच्या पानात होता.