कळव्याचा पत्ता

डॉ. वसुधा मॅडम आज पहाटे गेल्या, आणि एक मुलगी अजून सापडलेली नाही.

दुपारी स्मशानातून आले. अंघोळ केली. चहा टाकला, तो गाळायचाच राहिला. पुन्हा टाकला.

एका जागी बसवत नाहीये. म्हणून लिहितेय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. मॅडम लहान मुलांच्या डॉक्टर. नौपाड्यात क्लिनिक, आणि ठाण्यातल्या एका हॉस्पिटलात नवजात बाळांवर रिसर्च. मी तिथे फॉर्म भरायचे, फाइली सांभाळायचे. मला त्यांनी नावाने हाक कधी मारलीच नाही.

"ए कॉन्व्हेंट! इकडे ये."

त्यांचा प्रश्न एकच होता. जन्मल्यावर पहिल्या आठवड्यातच काही बाळांच्या रक्तात इन्फेक्शन होतं. त्यातल्या काहींची किडनी दोन-तीन दिवस जवळजवळ बंद पडते. मग सुरू होते. बाळ दूध प्यायला लागतं, घरी जातं, सगळे विसरतात.

पुढे त्या किडनीचं काय होतं?

"किडनी दुखत नाही गं," मॅडम म्हणायच्या. "गप्प बसून बिघडते. बीपी वाढत जातं, आणि ते ओझं हार्ट ओढत बसतं. दहा वर्षांच्या पोराचं बीपी कोण मोजतं आपल्याकडे?"

त्या मोजायच्या. दर वर्षी, प्रत्येक मुलाचं. वाढदिवसाच्या आठवड्यात घरी फोन, मग क्लिनिकमध्ये दंडाला चिमुकला पट्टा. "हा फुगा तुझाच हं. फक्त घरी न्यायचा नाही."

आता ती मुलगी.

चार दिवसांची होती. दोन दिवस लघवी नव्हती. आई वॉर्डात पडून, आजी बाहेरच्या बाकावर. सकाळी सिस्टरने दार उघडून काहीतरी सांगितलं, आणि आजी कॉरिडॉरभर ओरडत सुटली,

"मुतली! माझी बाय मुतली!"

मी नन्सच्या शाळेत वाढलेली. कानापर्यंत लाल झाले.

तासाभरात आजी पेढे घेऊन हजर. वॉचमनपासून मॅडमपर्यंत सगळ्यांना. मॅडमनी दोन उचलले. "जन्माचे पेढे खूप खाल्ले आजी, मुतल्याचे पहिल्यांदाच खातेय."

फॉर्म मीच भरला. आजीला विचारलं, "पत्ता?" तिने कळव्याचा सांगितला. फोन नंबर स्वतःचाच दिला. मी माझ्या वळणदार अक्षरात सगळ्या चौकटी भरल्या.

वर्षाने तो फोन लागेना. पत्र परत आलं.

आम्ही दोघी रिक्षाने कळव्याला गेलो. चाळ पाडलेली. भोवती पत्रे ठोकलेले, आत नुसता खड्डा. समोर पिठाची गिरणी होती, तिथल्या बाईंना आजीच्या घरच्यांचं विचारलं.

"ते होय? गेले ना सगळे. कोण गावाला, कोण भाड्याने कुठेकुठे."

"आणि त्यांची मुलगी? तान्ही पोर होती तिला."

"ती इथली कुठं हो! बाळंतपणाला आलेली. सासर तिचं डोंबिवली. नाय, कल्याण. थांबा... डोंबिवलीच बहुतेक."

पहिलं बाळंतपण माहेरी. शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मी माहेरचा पत्ता लिहून मोकळी झाले होते. बापाचं नाव होतं फाइलीत, पण नुसत्या नावावर डोंबिवलीत माणूस कुठे सापडतो?

परतताना रिक्षात मॅडम म्हणाल्या,

"अक्षर सुंदर आहे, कॉन्व्हेंट. पत्ता चुकलाय. पहिलं बाळंतपण माहेरी, हे तुझ्या नन्सनी शिकवलं नाही वाटतं?"

"मॅडम, नन्सना कसं माहीत असणार?"

इतक्या हसल्या की रिक्षावाल्याने वळून पाहिलं.

मला हसू आलं नाही. आजही येत नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी फॉर्मवर पेनने एक ओळ वाढवली. 'बाळंतपण आटोपल्यावर बाळ कोणत्या घरी जाणार?' त्यानंतर आमचं एकही मूल हरवलं नाही.

हरवली ती तेवढी एकच.

पुढे रिसर्च संपला. मॅडम थकल्या, मी रिटायर झाले. पण दर वर्षी त्या मुलीच्या वाढदिवसाला मॅडमचा फोन यायचा. हॅलो नाही, काही नाही.

"सापडली का गं?"

परवा माजिवड्याच्या हॉस्पिटलात त्यांना भेटले. ऑक्सिजनचा मास्क हाताने बाजूला करून तेच विचारलं.

मी म्हटलं, "शोधतेय, मॅडम."

खोटं बोलले. कित्येक वर्षांत मी शोधलेलं नाही. सुरुवातीला दोनचार वेळा डोंबिवलीला जाऊन आले, मग माझंच घर, माझीच दुखणी. त्यांनी मान हलवली आणि मास्क परत लावला. त्यांना कळलं असेल का, हे आता कुणाला विचारू?

त्या मुलीचं नाव मला पाठ आहे. आईबापाचंही. इथे लिहिलं तर तुम्ही शेअर कराल, आणि संध्याकाळपर्यंत पोहोचेलसुद्धा.

पण पेशंटचं नाव फाइलीबाहेर जायचं नाही, हा मॅडमचा नियम. त्या गेल्या त्याच दिवशी मी तो मोडणार नाही.

म्हणून एवढंच लिहिते.

डोंबिवली-कल्याणकडे, किंवा आता कुठेही, तुमच्या ओळखीत बारा-तेरा वर्षांची एखादी मुलगी असेल. तिच्या आजोळी अजून हसत सांगत असतील, की ही मुतली म्हणून आजीने हॉस्पिटलभर पेढे वाटले होते.

तीच ती.

तिचं बीपी एकदा मोजून घ्या. लघवी तपासून घ्या. जवळच्या कुठल्याही मुलांच्या डॉक्टरकडे चालेल. कदाचित ती ठणठणीत असेल, शाळेत धावण्यात पहिली येत असेल. येऊ दे. तरी मोजा.

मला कळवलं नाहीत तरी चालेल. कळवलंत तर आज रात्री मला जेवण जाईल.

मॅडम, हे टाइप केलंय. तेव्हा अक्षराचं कौतुक नको.

तुम्ही या आता.

मी शोधते. खरंच शोधते.