आक्काच्या गावाला जीपने

लोंढ्याच्या स्टेशनात उतरलो तेव्हा माझा निर्णय जवळजवळ झालेला होता. जीप घ्यायची नाही. बेळगावातून निघताना बायकोनं विचारलंच होतं, "घ्यायची नाही, तर मग जाता कशाला?"

"दाजींना तोंडावर नाही म्हणायला," मी म्हणालो. "माणूस पाठवून नाही कळवणं बरं दिसत नाही."

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे, यजमान. सुप्याच्या मुलखात, जोयड्याच्याही पलीकडे रानात त्यांची सुपारीची बाग आणि थोडी भातशेती आहे. दिवाळी झाल्यावर ते एकटेच आमच्याकडे आले. आक्का त्या वर्षी भाऊबीजेला आली नव्हती. कापणीची घाई आहे, असं त्यांनी सांगितलं आणि आम्ही ते मानलं. मग चहा पिता पिता त्यांनी जीपचा विषय काढला. सुप्याचा एक लाकडाचा कंत्राटदार धंदा आवरत होता. लष्कराच्या मोडीतून घेतलेली त्याची छोटी जीप विकायची होती. अर्धी तुम्ही घ्या, अर्धी मी घेतो, असं दाजींचं म्हणणं.

"सुपारी वाटंतच खराब व्हत्या," एवढंच कारण त्यांनी दिलं.

माझा छोटा छापखाना. खिळे जुळवण्यात जन्म गेलेला. मला मोटारीतलं काय कळणार? शिवाय आक्काच्या सासरी मी कधी पाऊलही टाकलं नव्हतं. तिच्या लग्नानंतर वडील एकदा तिकडे गेले आणि हिवताप घेऊन परतले. त्यांची ती दशा पाहून आईनं आम्हा भावंडांना शपथच घातली होती. तेव्हापासून आक्काच दर वर्षी यायची, डोक्यावर नारळ-कोकमाची पाटी घेऊन, हसत. आता फवारणी करणारी सरकारी माणसं रानात पोचली आहेत, हिवताप हटला आहे, असं दाजी म्हणाले. आईही आता राहिली नव्हती. तेव्हा निघालो.

लोंढ्याला निम्मी गाडी कॅसलरॉककडे जाणाऱ्यांची. त्यापुढे पोर्तुगीजांचा गोवा, म्हणून स्टेशनात पोलीस प्रत्येक उतारूला निरखत होते. मी सुप्याची सर्व्हिस मोटार पकडली. जगलबेटला चहासाठी थांबलो. तिथून पुढं रान इतकं दाट झालं की भर दुपारी मोटारीत संध्याकाळ वाटू लागली.

सुपे हे काळी आणि पांढरी या दोन नद्यांच्या संगमावरचं टुमदार गाव. बाजारपेठेत मराठी, कानडी आणि कोकणी एकाच वाक्यात ऐकू येतात. दाजी मोटारीच्या अड्ड्यावर उभे होते, आणि त्यांच्या शेजारी ती जीप, कंत्राटदारानं चार दिवस चालवून बघायला दिलेली.

मला पहिला धक्का तिथंच बसला. मी मनात काहीतरी मोटारीसारखं धरून आलो होतो. या गाडीला दारं नव्हती. वरचं ताडपत्रीचं छत फाटलेलं, मागची बैठक म्हणजे पत्र्यावर टाकलेलं गोणपाट. तिचा ड्रायव्हर फ्रान्सिस, कॅसलरॉकचा, लढाईत लष्करी गाड्या चालवलेला, पन्नाशीचा सडसडीत माणूस. त्यानं मला नमस्कार केला आणि गाडीच्या नाकावर थाप मारली.

"म्हातारी दिसता, पात्रांव (मालक), पूण घट आसा."

घट म्हणजे भक्कम, हे दाजींनी सांगितलं. मी मान डोलावली. नकार किती गोड शब्दांत द्यावा, याचीच मी जुळवाजुळव करत होतो.

जोयड्यापर्यंत रस्ता होता. म्हणजे धूळ होती, खड्डे होते, पण रस्ता म्हणावं असं काहीतरी होतं. त्यापुढं फ्रान्सिसनं गाडी डावीकडे वळवली आणि मला वाटलं, तो लघवीला थांबतोय. समोर नुसती झाडं होती. गाडी त्या झाडांत शिरली.

"वाट चुकली काय?" मी ओरडलो.

"न्हाई, हीच," दाजी म्हणाले.

वाट कसली? एक माणूस चालेल एवढी जागा, आणि लाकडं ओढून नेणाऱ्या रेड्यांनी ती जरा रुंद केलेली. एका बाजूला तांबड्या दगडाची दरड, दुसऱ्या बाजूला दरी. खाली कुठंतरी पाणी वाजत होतं. मी गोणपाट दोन्ही मुठींत धरलं होतं. एका वळणावर फ्रान्सिसनं अचानक गाडी थांबवली. समोर गवा उभा. मी गवा चित्रातही पाहिला नव्हता. त्याची पाठ जीपच्या छताच्या वर होती. त्यानं आमच्याकडे कंटाळल्यासारखं पाहिलं आणि तो दरीत उतरला, जणू तिथं पायऱ्याच होत्या.

काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "दाजी, आक्का येते ती दुसरी वाट असेल ना? बायकामाणसांची?"

दाजींनी माझ्याकडे नवलानं पाहिलं. "दुसरी कुठली वाट? हीच. जोयड्यापतूर चालत, तिथनं मिळाली तर बैलगाडी."

पुढं एका ओढ्यावर साकव (झाडांची खोडं टाकून केलेला पूल) लागला. दोनच खोडं, शेवाळलेली, धरायला काही नाही. जीप ओढ्यातून गेली, मी मात्र त्या खोडांकडे वळून वळून पाहत राहिलो. डोक्यावर पाटी, हातात पिशवी, नऊवारीचा ओचा खोवलेला. ही बाई यावरून चालत येऊन आमच्या दारात हसत उभी राहत होती, आणि आम्ही विचारायचो, "काय आक्का, प्रवास बरा झाला ना?" ती म्हणायची, "बरा की! रेल्वेत जागा मिळाली."

गाव कसलं, डोंगराच्या कुशीत सात-आठ घरं, दाजींचं सोडलं तर सगळी कुणब्यांची. जीपचा आवाज ऐकून म्हशी दावी तोडून पळाल्या, बायका घरात शिरल्या. दाजींच्या घरापुढं गाडी थांबली. आता आक्का धावत बाहेर येईल म्हणून मी खाली उतरून उभा राहिलो. ती आली नाही. जगलीवर (घरापुढच्या उंच ओट्यावर) ती बसली होती, खांबाला टेकून. मला पाहून तिचा चेहरा उजळला, पण ती उठली नाही.

"ये रं बाबा," ती म्हणाली. "मी बसल्या ठिकाणाहूनच बोलतो. रागावू नको."

तिच्या शेजारी काठी होती. लुगड्याखालून उजवा पाय दिसत होता. गुडघ्याखाली तो वाकडा झाला होता, वाळलेल्या फांदीसारखा.

मी तिच्याशेजारी बसलो आणि तिनंच काय झालं ते सांगितलं. पावसाळ्यात ती त्या साकवावरून खाली पडली होती. गावच्या हाडवैद्यानं बांबूच्या कामट्या बांधल्या, हाड वाकडंच जुळलं. पाऊस सरेपर्यंत तिला हलवणं शक्य नव्हतं, आणि पाऊस सरला तेव्हा ती म्हणाली, झालं ते झालं. आता घरातून परसात जायलाही काठी लागत होती. आणि हे दाजी माझ्या घरी बसून, माझा चहा पिऊन, मला सुपारीची गोष्ट सांगत होते!

"दाजी, हे काय? मला का नाही सांगितलं?" माझा आवाज चढला.

दाजी खाली बघत उभे राहिले. उत्तर आक्कानं दिलं.

"त्यांच्यावर ओरडू नको. मीच शपथ घातली. तुला कळलं असतं तर तू धंद्याचा इचार केला नसतास, उठून गाडी घेतली असतीस. एका पायापायी कुणी मोटार घेतं व्हय? परवडत असंल तर घे, न्हाईतर नको. मी हितं बरी हाय."

"बरी? तू परत बेळगावला येणार कशी?"

ती हसली. "आले की इतकी वरसं. पुरे झालं."

पन्नाशीही न उलटलेली बाई, आणि तिनं या जगलीवर उरलेलं आयुष्य काढायचं मनाशी ठरवून टाकलं होतं. मला ते नव्यानं कळत होतं. घरातल्या सगळ्यांना ते जुनं झालं होतं.

रात्री ताटात तांदळाची भाकरी, कोन (जमिनीखाली वाढणारा भलामोठा कंद) घालून केलेली भाजी, आणि एक आंबटतिखट चटणी होती. मी सुन्न मनानं जेवत होतो, तरी ती चटणी दोनदा मागून घेतली. आक्कानं विचारलं, "आवडली? तांबड्या मुंग्यांची हाय. शेजारच्या कुणबिणीनं तुझ्यासाठी म्हणून दिल्या." माझा घास तसाच राहिला. आक्का, दाजी आणि फ्रान्सिस पोट धरून हसले. त्या दिवशी मला तेवढाच एक धक्का हसत सोसता आला.

सकाळी मी सांगितलं, आक्का माझ्याबरोबर येणार. बेळगावात हाडांचे डॉक्टर आहेत. ती नाही म्हणाली, दाजींनी ऐकलं नाही. आम्ही दोघांनी तिला उचलून फ्रान्सिसच्या शेजारी बसवलं, पाय लांब करून, खाली गवताची पेंडी देऊन. दाजी आणि मी मागं. सगळी वाडी निरोपाला जमली. एका म्हाताऱ्या कुणब्यानं जीपच्या चाकाला हात लावून तो कपाळाला लावला.

ओढा ओलांडल्यावर मोठा चढ होता. येताना आम्ही तो उतरलो होतो, म्हणून त्याची धास्ती मला आता कळली. दरडीतून पाणी झिरपून तांबडी माती लोण्यासारखी झाली होती. जीप निम्मा चढ चढली, मागची चाकं जागच्या जागी फिरू लागली, इंजिन खोकलं आणि बंद पडलं. क्षणभर सगळं शांत. मग गाडी मागं सरकली.

"उडयो मारात! उडी!" फ्रान्सिस ओरडला.

दाजींनी उडी मारली, मीही मारली. मातीत पडलो, आणि पडता पडता माझ्या लक्षात आलं की आक्काला उडी मारता येत नाही.

मी उठून पाहिलं. जीप मागं मागं दरीकडे चालली होती. फ्रान्सिसनं उडी मारली नव्हती. तो ब्रेकवर जवळजवळ उभा राहून स्टिअरिंगचं चाक फिरवत होता. आक्कानं समोरच्या काचेची लोखंडी पट्टी दोन्ही हातांनी धरली होती. ती ओरडली नाही. माझ्याकडे सरळ बघत होती. तिचे ते डोळे मी विसरू म्हटलं तरी विसरणार नाही. मग गाडीची मागची बाजू दरडीवर धाडकन आदळली आणि गाडी अडकून थांबली. पुढचं एक चाक अधांतरी होतं.

दाजी आणि मी हाताला लागतील ते दगड चाकांमागं टाकत सुटलो. फ्रान्सिस खाली उतरला, त्याचा सदरा घामानं चिंब झाला होता. त्यानं दरडीला हात टेकून दोन श्वास घेतले आणि म्हणाला, "चूक म्हजी. पुढलीं चाकां लावंक जाय आशिल्लीं." (चूक माझी. पुढची चाकं लावायला हवी होती.) पेट्रोल वाचावं म्हणून तो नुसत्या मागच्या चाकांवर चढत होता. पुढची चाकंही इंजिनाला जोडणारी खुंटी त्यानं ओढलीच नव्हती.

"आक्का, उतर खाली," मी म्हणालो. "आपण तुला उचलून वर नेतो."

"कशाला?" ती म्हणाली. तिचे ओठ पांढरे पडले होते, पण आवाज नेहमीचा होता. "उतरवायचं आणि परत चढवायचं. हितंच बसतो मी. चालव रं फ्रान्सिस."

मी मागं चढून तिच्या पाठीशी बसलो आणि तिचे दोन्ही खांदे धरले. दाजी चालत निघाले, हातात दगड घेऊन. फ्रान्सिसनं खुंटी ओढली. आता चारही चाकं एकदम माती खाऊ लागली. गाडी थरथरली, पण सरकली नाही. म्हशीनं चिखलातून पाय काढावा तशी ती एक एक हात वर चढत गेली. आक्काचे खांदे माझ्या हातांत दगडासारखे ताठ होते. वर सपाटीला लागलो तेव्हा ते एकदम सैल पडले आणि ती हमसून हमसून रडू लागली.

दाजी धापा टाकत वर आले. त्यांनी बायकोकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि गवतात उकिडवे बसले.

"आता तुमी नगो म्हणशीला," ते म्हणाले. "आणि म्या काय सांगू? तुमचं बरोबर हाय."

"घ्यायची, दाजी," मी म्हणालो.

त्यांना ऐकू आलं नाही असं वाटलं. मी पुन्हा म्हणालो, "गाडी घ्यायची. आणि ती चालवायला फ्रान्सिसच पाहिजे."

"सुपारीसाठी?"

"सुपारी रेड्यांवरनं येऊ दे."

फ्रान्सिसनं बिडी पेटवली. "गाडी बरी आसा, पात्रांव," तो म्हणाला. "रस्तोच ना." (गाडी चांगली आहे, मालक. रस्ताच नाही.)

आम्ही सुप्याला न थांबता तशाच मातीनं माखलेल्या जीपनं बेळगावला आलो. बायकोनं दार उघडलं आणि आक्काला आमच्या हातांवर पाहून धावत जाऊन खाट मोकळी केली. गल्लीतली माणसं जीपभोवती जमली. कुणी विचारलं, सहल कशी झाली? मला सांगता येईना. आजवर मी अनेकांची प्रवासवर्णनं छापली आहेत. त्यांतल्या दऱ्या, नद्या, श्वापदं सगळी खरी असतील. पण माझ्याच घरी दर दिवाळीला एक बाई असा प्रवास करून येत होती आणि तिनं त्यातलं एक अक्षर कधी कुणाला ऐकवलं नव्हतं, म्हणून हे मी लिहून ठेवतो आहे.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी पाय तपासला. हाड पुन्हा मोडून नीट बसवावं लागेल, म्हणाले. महिनोन्‌महिने झोपून राहावं लागेल, दुखेल पुष्कळ, आणि तरीही थोडं लंगडणं राहीलच. त्या वाटेवर पुन्हा पायी चालण्याचा विचार सोडा.

मी आक्काकडे पाहायचं टाळलं. ती मात्र शांत होती. पदर सावरून तिनं डॉक्टरांना एकच प्रश्न विचारला.

"जीपमधी चढता येईल न्हवं?"