रंभाकाकीचं फडकं

रंभाकाकीच्या घरात एखादी गंजलेली वस्तू सापडली असती, तर कामोठे गावात दवंडीच पिटावी लागली असती. तिचं माहेर रोडपालीचं, मिठागरात राबणारं. खारं वारं लोखंड कसं खातं ते तिनं परकराच्या वयापासून पाहिलेलं. कामावरून आलं की आधी फावडं पुसायचं आणि मग आपलं तोंड धुवायचं, हा तिच्या बापाचा दंडक. पुढे मिठागरं गेली, नवऱ्याची शेतं गेली, त्या जागी इमारती आल्या. काकीचं घर तीन मजली झालं, वरचे मजले भाड्यानं गेले, पण हातातलं फडकं काही सुटलं नाही. रोज दिवेलागणीला खिडक्यांचे गज, शिलाई मशीन, कपाटाच्या कड्या, सगळ्यांवरून तिचा हात फिरायचा. तिचा नवरा काशिराम ओट्यावर बसून थट्टा करायचा, "मी जास्त येळ बसलो तं मना पन पुसशील!"

दोन हजार दहाच्या उन्हाळ्यात काशिरामकाकाला पक्षाघात झाला. उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. काकी आता खरोखरच त्याची हनुवटी पुसू लागली. थट्टा करणारा मात्र गप्प झाला होता.

एकुलता एक मुलगा प्रितम आखातात, दोह्याला नोकरीला. बातमी कळताच आला, रजा संपेपर्यंत बापाच्या उशाशी बसला आणि जाताना आपला लॅपटॉप ठेवून गेला. कारण फोनचा काही उपयोग नव्हता. फोन कानाला लावला की काका घशातून नुसता आवाज काढायचा, मग रडायचा आणि फोन ढकलून द्यायचा. बोलताच येत नाही त्यानं फोन घेऊन करावं काय? पडद्यावर पोराचा चेहरा दिसला की मात्र तो डावा हात वर करायचा, प्रितमही तिकडून हात वर करायचा. बापलेकांचं एवढंच बोलणं, पण त्यावर काकाचा आठवडा निघायचा.

प्रितमची सुट्टी शुक्रवारी. म्हणून शुक्रवारी सकाळी काकाची दाढी व्हायची, पांढरा सदरा चढायचा. वरच्या मजल्यावर शिकवण्या घेणारी भाडेकरू कुमुद खाली येऊन लॅपटॉप लावून द्यायची. बाकीचे दिवस तो रुमालाखाली झाकलेला असायचा. पोरानं विश्वासानं दिलेली वस्तू, आणि खाडीचं वारं तर मेलं कुठेही शिरतं! काकी संध्याकाळी तोही पुसायची, पण भीत भीत, वरवर. श्रावणात हवा ओलावली, त्याच्या कडेला बुरशीची पांढरी रेघ दिसली, तेव्हा तिची भीड चेपली. फडक्यात बोट गुंडाळून, कोयत्याची धार पुसावी तशी ती कडाही दाबून पुसू लागली.

त्याच आठवड्यातल्या शुक्रवारी लॅपटॉप सुरू झाला, पण वायफाय काही लागेना. लॅपटॉपवरचा एरवी निळा असणारा बारीक दिवा नारिंगी झाला होता. कुमुदनं लॅपटॉप बंद करून पुन्हा लावला, कोपऱ्यातली इंटरनेटची पेटी बंद-चालू केली. काही नाही. तिनं मोबाईलवरून प्रितमला कळवलं आणि फोन काकाच्या कानाला लावला. त्यानं तो झिडकारला आणि रिकाम्या पडद्याकडे बोट दाखवत राहिला.

बुधवारी कुमुदनं लॅपटॉप पनवेलला दीनानाथच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात नेला. दुकानात हीऽ गर्दी. त्यानं हातात घेतला, न घेतला तोच दिवा निळा झाला.

"काय बिघडलं होतं?" कुमुदनं विचारलं.

"काही नाही ओ मॅडम, बंद होतं, चालू केलं," म्हणून तो पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

घरी आल्यावर काकीनं लॅपटॉप तिच्या हातून घेतला. दुकानाची धूळ, दहा जणांचे हात लागलेले. त्या संध्याकाळी तिनं तो दोनदा पुसला.

शुक्रवारी पुन्हा नारिंगी दिवा. काका दाढी करून, सदरा घालून दुपारपर्यंत समोर बसला होता. जेवायला उठवलं तर उठेना. मध्येच उगाच डावा हात वर करायचा. कुमुदला बघवेना, ती वर निघून गेली. सोमवारी पुन्हा दीनानाथकडे जायचं ठरलं होतं. सोमवारी सकाळीच काकाला दुसरा झटका आला आणि दवाखान्याच्या वाटेवर त्यानं प्राण सोडला.

अंत्यविधीसाठी सगळे प्रितम येईपर्यंत थांबले. प्रितमनं बापाचं तोंड पाहिलं. बापाला मात्र त्याचं पाहायला मिळालं नाही, हे काकीच्या काळजात रुतून बसलं.

दहाव्यानंतर रजा वाढवून घ्यायला प्रितमनं लॅपटॉप उघडला. नारिंगी दिवा बघून त्यानं पुढच्या कडेवर अंगठा फिरवला. दिवा निळा झाला.

"काय झालेला त्याला?" काकीनं विचारलं.

"कायच नाय, आये. ही वायफायची बारकी कळ हाय ना, ती बंद झालेली. सरकली असंल अशीच."

"म्हंजे, बिगडला नवता?"

"नाय गं. मी पन तिकडं बसलेलो दोनी शुक्रवार. वाट बघत."

काकीच्या खांद्यावर फडकं होतं. कड पुसताना बोटाला एक खडा लागायचा. दाबलं की तो सरकायचा. मळ सुटला असं वाटून तिला बरं वाटायचं. ते सारं तिच्या बोटांना आठवलं. सांगावं म्हणून ती पुढे झाली, पण दहा दिवस रडून सुजलेले पोराचे डोळे बघून मागे फिरली. ती आत गेली आणि चुलीपाशी बसून पदर तोंडात कोंबून रडली. बापासाठी रडतेय, असंच प्रितमला वाटलं.

तो परत गेला. शुक्रवारी आता काकी एकटी पडद्यासमोर बसते. खिडक्यांचे गज अजूनही लखलखीत आहेत, पण लॅपटॉपला ती बोट लावत नाही. एकदा कुमुदनं तो ओढणीनं पुसायला घेतला, तर काकीनं तिचा हातच धरला.

"आये, धुरकट दिसतेस," परवा प्रितम तिकडून म्हणाला. "कॅमेऱ्यावर धूळ बसलीय. जरा पूस ना गं."

काकीनं दोन्ही हात पदराखाली घेतले.

"राहू दे," ती म्हणाली. "मना तू दिसतोस ना, बस झाला."