लंकेला निघालेली बॅग

आमच्या साडूंइतकं जग यवतमाळ जिल्ह्यात कोणालाच ठाऊक नाही. सिंगापूरच्या विमानतळावर कोणत्या दारातून बाहेर पडलं की पायपीट वाचते, इस्तंबूलला नाव कोणत्या धक्क्यावरून सुटते, हनोईत रस्ता ओलांडताना थांबायचं की चालत राहायचं, हे ते डोळे मिटून सांगतात. स्वतः त्यांनी पाहिलेलं सर्वांत लांबचं ठिकाण नागपूर, तेही दाढेच्या कामासाठी.

पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यापासून प्रवासाची आखणी हाच त्यांचा प्रवास झाला आहे. राजूरच्या खाणीतले एक परिचित सपत्नीक रामेश्वरला गेले, तेव्हा कोणत्या स्टेशनावर चहा प्यावा आणि कोणत्या स्टेशनावर नुसते पाय मोकळे करावेत, इथपर्यंत साडूंनी त्यांना समजावलं होतं. ते गृहस्थ परत आल्यावर साडूंच्या पाया पडले. साडूंनी आशीर्वाद दिला आणि रामेश्वरला आता पूर्वीसारखं राहिलं नाही म्हणून सांगितलं. उमरखेडला नात्यात लग्न होतं, तर हे आदल्या आठवड्यात एकदा उमरखेडला जाऊन आले, रस्ता पाहायला. लग्नाच्या दिवशी गेले नाहीत. म्हणाले, "रस्ता खराब हाय."

परदेशांचंही तेच. व्हिएतनाम रद्द झालं, कारण तिथल्या हॉटेलातलं दही गोड लागतं असं कोणा पाहुण्यानं लिहून ठेवलं होतं. बाली ठरत आलं होतं, पण तिथला ज्वालामुखी सध्या शांत आहे असं वाचल्यावर साडूंना त्या 'सध्या'चीच भीती वाटू लागली. मी काही बोललो की ते म्हणत, "अभ्यास झाला पाह्यजे, साडभाऊ. पाय का कोणीबी उचलते."

या सगळ्यात ज्यांना खरोखर कुठेतरी जायचं होतं, त्या होत्या ताई. ताई म्हणजे साडूंची बायको, माझ्या बायकोची मोठी बहीण. त्यांच्या सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या तेवढी वर्षं ताईंची झोप कधी सलग झाली नाही. सासूबाई गेल्या, त्याला वर्ष झालं, तरी हाक ऐकू आल्यासारखी त्या अजून दचकून उठत. त्यांची मागणी एवढीच होती, "मले काही पाहाचं नाही. एक हप्ता झोपाचं हाय. चहा दुसऱ्यानं करावा."

"त्याच्यासाठी परदेश कायले?" माझ्या बायकोनं विचारलं.

"घरी झोपली त दारावरची बेल वाजते ना, बाई."

साडूंनी श्रीलंका निवडली आणि निवांत आठवड्याचा बेत आखला. तो ऐकूनच मला धाप लागली. रोज पहाटेची बस, मग किल्ला, धबधबा, चहाचे मळे, दोन देवळं, आणि दोन बसांच्या मधे जी फट उरेल तिथे निवांत. या खेपेला मात्र ताईंनी शेजारी बसून तिकिटं काढून घेतली. मग त्यांनी जाहीर केलं की निघायच्या दिवशी दक्षिणेला दिशाशूल आहे, तिकडे निघणं अशुभ, तेव्हा प्रस्थान ठेवावं लागेल. म्हणजे आधीच्या चांगल्या दिवशी सामान दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायचं. सामान घराबाहेर पडलं की माणूस निघाला असं धरतात.

साडू देवभोळे नाहीत, पण नियम दिसला की त्यांना राहवत नाही. शिवाय पंचांग हे ताईंचं खातं. साडूंनी कुलूप लावलेली बॅग आणून आमच्या बैठकीत ठेवली. बॅग त्यांनीच भरलेली, म्हणजे परिपूर्ण. त्यामुळे त्यांचं दाढीचं सामान, वाचायचा चष्मा आणि रक्तदाबाच्या गोळ्याही लंकेला निघाल्या. दुसऱ्या दिवसापासून साडू रोज सकाळी आमच्याकडे दाढीला येऊ लागले. गल्लीतले लोक विचारत, "काय भाऊ, लंकेले चालले म्हणे? येताना शेपटी सांभाळून आणजा."

निघायला थोडे दिवस उरले असताना ते दाढी न करताच बॅगेपाशी उभे राहिले.

"साडभाऊ, बॅग नेतो. कॅन्सल."

"काहून?"

"समुद्रात जेलीफिश हाय. एकाचा पाय सुजला म्हणे."

ताई मागोमाग आल्याच होत्या. "धरणावर जिंदगी काढली तुमी, घोट्याच्या वर पाणी नाही घेतलं. समुद्रात कोण ढकलून राह्यलं तुम्हाले? अन् बॅग घरी येत नसते. प्रस्थान ठेवलं हाय. फिरून आल्याबिगर उंबऱ्याच्या आत घेता नाही येत."

"मंग माह्या गोया?"

"त्या बी निघाल्या."

साडूंनी माझ्याकडे आशेनं पाहिलं. मी मुहूर्त, वास्तू, ग्रह या सगळ्यांची जाहीर टिंगल करणारा माणूस, हे त्यांना माहीत होतं. मी ताईंच्या डोळ्यांखालची वर्तुळं पाहिली, घसा साफ केला आणि म्हणालो, "शास्त्र आहे."

ठरल्या दिवशी साडू आणि ताई बॅग घेऊन निघाले. गाडी वळणावरून दिसेनाशी झाली तेव्हा आम्ही दोघांनी श्वास सोडला. बायको म्हणाली, "दिशाशूल-बिशाशूल काही नव्हतं. ताईनं कॅलेंडर पाह्यलंच नाही."

आठवड्यानं साडू परत आले. मी विचारलं, काय पाहिलं?

ते म्हणाले, "पहिल्या दिवशी किल्ल्याची बस होती. म्या बूट घालून तयार. ही झोपली व्हती. हाक मारासाठी तोंड उघडलं, अन् मंग आठवलं, माय खाटेले लागल्यापासून हिले अशी झोपलेली म्या पाह्यलीच नाही. पडदा लावला. बूट काढले."

"आणि बस?"

"गेली. मोठा अभ्यास केलता, साडभाऊ."

पुढचे सगळे दिवस असेच गेले. ताई झोपत, उठत, कोणीतरी आणून दिलेला चहा पीत आणि पुन्हा आडव्या होत. साडू खुर्चीत बसून राहत. मी म्हटलं, निदान खिडकीतून समुद्र तरी दिसत असेल. साडूंनी विचार करून अचूक माहिती दिली. समुद्र हॉटेलच्या मागे होता. खोली पुढच्या बाजूला होती.