मारुतीचं निम्मं तेल

आमच्या ताडकळसात मारुतीवर तेल ओतताना कुणाचा हात आखडत नसे. शेजाऱ्याला पळीभर द्यायचं म्हटलं की मात्र घरातलं तेल नेमकं संपलेलं असायचं. निजामाच्या राज्यातले दिवस होते ते, पण ही खोड काही निजामानं लावलेली नव्हती.

अशा गावात धुरपताबाई दर शनिवारी देवळाच्या पायरीशी तांब्या घेऊन उभी राहायची. "मारुतीचे पाय धडधाकट हायेत," ती म्हणायची, "त्याला निम्मं पुरंल. निम्मं लेकरांच्या पायांला द्या."

तिची लेक सुमंगला तापातून उठली, पण तिचे पाय गेले ते गेलेच. लेकीनं अंगण ओलांडून आपल्याकडं चालत यावं, एवढी एकच आस धुरपताबाईला होती. पूर्णा गावात दगडाबाई अशा लेकरांचे पाय कोमट तेलानं चोळायची, मग दोन बांबूंच्या मधे त्यांना उभं करायची. काही लेकरं खरंच चालू लागली होती. दगडाबाई स्वतःसाठी काही घेत नसे, पण करडईचं तेल आईबापांनी आणायचं. ज्यांच्या घरी दिव्यालाच तेल नाही, त्यांनी काय करायचं? म्हणून धुरपताबाई सगळ्यांच्याच लेकरांसाठी मागायची.

पुजारी विष्णुपंत आधी चिडले. मग विरघळले, आणि त्यांनी युक्ती काढली. सगळं तेल देवावरच ओतायचं, खाली ओघळेल ते तांब्यात धरायचं. गाव खूश झालं. धुरपताबाईला तर वाटलं, देवाच्या अंगावरचं तेल, आता सुमी दिवाळीला चालणार. आठवडाभरात लेकरांचे पाय पुरळानं लालभडक झाले.

"शेंदूर देवाला सोसतो, बाई. लेकराला न्हाई," दगडाबाई म्हणाली. पुढच्या शनिवारी विष्णुपंतांनी स्वतःच तांब्या मारुतीच्या पुढं मांडला. "आधी इथं," एवढंच ते लोकांना म्हणाले.

तेल पुरू लागलं तोवर सुमंगला मोठी झाली होती. दगडाबाईनं तिचे गुडघे दाबून पाहिले. "लय उशीर झाला. आखडलेत. आता न्हाई सुटायचे." धुरपताबाई गाडीत बसून घरापर्यंत रडली.

आता ही कशाला येते, असं आम्हाला वाटलं. पण शनिवारी ती पायरीशी होतीच. तेल घेऊन ती पूर्णेला जायची, आणि परतली की ओसरीवरून सुमंगला विचारायची, "आज कोण चाललं, माय?"

"कमलबाईची कावेरी."

"कशी?"

मग धुरपताबाई अंगणात हात पसरून, बांबू धरल्यासारखी, लटपटत एकेक पाऊल टाकायची. सुमंगला तिच्या पायांवरून नजर काढत नसे.

एका संध्याकाळी ती म्हणाली, "आता मी कशी चालले असते, तसं चालून दाव."

धुरपताबाईनं हात खाली सोडले. ती अंगणाच्या पार टोकाला गेली, आणि तिथून न लटपटता लेकीकडं चालत आली.