सातवा रोडगा

या सदरातले गूढ अनुभव मी चहाबरोबर वाचते, करमणूक म्हणून. अर्ध्या लोकांची झोप झालेली नसते आणि उरलेल्यांना कोणीतरी विचारावं असं वाटत असतं, हे माझं मत. आजही ते फारसं बदललेलं नाही. पण एक गोष्ट डोक्यातून जात नाही, म्हणून लिहितेय.

मी पुण्यात एका कारखान्यात क्वालिटी तपासणीत आहे. पार्ट मापात बसतो किंवा बसत नाही... तिसरं काही मला ठाऊक नाही.

गेल्या डिसेंबरात वाशीम जिल्ह्यात, मेडशीजवळच्या एका शेतावर चार दिवस राहिले. 'गावात राहा, चुलीवर शिका' अशी सहल होती. आम्ही सहा बायका, सगळ्या शहरांतून आलेल्या. शिकवायला घरमालकीण, विमलकाकू. साठीच्या आणि तोंडाने फटकळ. पहिल्या दिवशी माझी भाकरी बघून म्हणाल्या, "बाई, हे भाकर होय का जिल्ह्याचा नकाशा?"

माझी आई याच जिल्ह्यातली, कामरगावकडची. शेवटची दोन वर्षं माझ्याकडे होती. त्याच वर्षीच्या जानेवारीपासून तिचं एकच चाललं होतं – "मले एकडाव गावाकडं ने वं. गवऱ्यातला रोडगा खायाचा हाये. तुले बी शिकवतो."

मी म्हटलं, मार्च संपू दे, आत्ता रजा नाही. तरी एका रविवारी ओव्हनमध्ये रोडगे करायला घेतले. कणीक मळून मी गोळे तिच्यासमोर ठेवले. तिने पलंगावरूनच एका गोळ्यावर तीन बोटं दाबली. त्यातलं मधलं अर्धंच – लहानपणी कडबाकुट्टीच्या यंत्रात गेलेलं. भाजून आल्यावर तिने एक तुकडा तोडला, चावला, ताटली बाजूला सारली.

"हे बिस्कीट होय."

मला राग आला. सुट्टीचा दिवस घालवून केलं होतं. दोन दिवस मी तिच्याशी धड बोलले नाही. फेब्रुवारीत ती गेली. आणि डिसेंबरात मला रजा मिळाली! ती शिकवणार होती ते शिकायला मी फी भरून परक्या बाईकडे गेले.

तिसऱ्या दिवशी दुपारी तुरीच्या शेताच्या कडेला रोडगे होते. जाडसर कणकेची पोळी, तिला तेल लावून घड्या, मग गोळा, आणि तो गवऱ्यांच्या निखाऱ्यात पुरायचा.

"आपापल्या रोडग्यावर खूण करा," काकू म्हणाल्या. "आमच्या घरी ज्याच्या हाताचा, त्यानंच खायाचा."

"आणि खूण मिटली तर?" नाशिकच्या डॉक्टरबाईंनी विचारलं.

"मंग रस्सा प्या."

मी नखाने आडवी रेघ ओढली. डॉक्टरबाईंनी सहाही रोडग्यांचा फोटो काढला. काकूंनी ते पुरले, वर राख ओढली. परात रिकामी होती, ती मीच घासली. मग आम्ही तिथेच, दहा पावलांवर वांगी चिरत बसलो. कोणी आलं नाही, कोणी उठलं नाही.

तासाभराने काकूंनी काठीने एकेक बाहेर काढून फडक्याने झटकला. सहा झाले. पुन्हा काठी घातली तर काहीतरी लागलं.

सातवा. खरपूस, इतर सहांपेक्षा चांगला भाजलेला. वर तीन खळ्या. दोन पुढे, मधली मागे.

"चहाटळपणा कोणी केला वं?" काकूंनी प्रत्येकीला त्यावर बोटं ठेवायला लावली. सगळ्या हसत होत्या. एकीचाही हात बसेना. मी मधलं बोट दुमडून बघितलं. दुमडलं की नखाची रेघ उमटते... त्या खळीत नख नव्हतं. गोल, गुळगुळीत होती.

काकूंचं हसणं थांबलं. हळूच म्हणाल्या, "कोणी वळखते का हा हात? आपल्या माणसाचा असन त आपुन खाल्ला तरी चालते. नाही त गायीले."

त्या माझ्याकडेच बघत होत्या. की मला तसं वाटलं, कोण जाणे.

हो म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता. आई इथलीच, तर तिला कधी आणलं का नाही? पाच परक्या बायकांसमोर 'रजा नव्हती' म्हणावं लागलं असतं.

"नाही," मी म्हटलं.

गाय बाभळीखाली बांधलेली होती. तिने दोन घासांत संपवला.

डॉक्टरबाईंनी फोटो पाठवलाय. मी तो मोठा करून कितीदा तरी मोजलाय. सहाच आहेत. तुमच्यापैकी कोणी 'भास' म्हणणार असाल तर तो सात जणींना एकदम झाला.

तो चवीला कसा होता, तेवढंही मला सांगता येत नाही.