हवालदार शिंगाडेंची वही

प्रिय अर्णव आणि सई,

रविवारी तुमच्या आईचा फोन आला होता. अर्णव वर्गात बोलायचा बंद झाला आहे, असं ती म्हणाली. मिशिगनहून अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या जॉर्जियात येऊन तुम्हाला सात महिने झाले. अर्णव बाटलीतल्या शीतपेयाला 'पॉप' म्हणतो आणि तिथली मुलं हसतात. सईने नवी बोली पटकन उचलली आणि आता तीही भावाला हसते, हेही कळलं. या विषयावर तुमच्या आजीजवळ सांगण्यासारखी एकच गोष्ट आहे. ती मी तुमच्या आईलाही पूर्ण सांगितलेली नाही, कारण तीत माझी एक चूक आहे. पण अर्णव गप्प आहे, तेव्हा आता थांबणं बरं नाही.

तीस वर्षांपूर्वी मी मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमध्ये कॅप्टन होते. शांतिसेनेबरोबर आमचं फील्ड हॉस्पिटल आफ्रिकेतल्या एका देशात गेलं होतं. तंबूंचं हॉस्पिटल, वीस खाटा, एक ऑपरेशन थिएटर. पहाटे पाचला राउंड, सहाला ड्रेसिंग, साडेसातला सी.ओ.ना रिपोर्ट. सी.ओ. म्हणजे आमचे कर्नल साहेब, जम्मूकडचे डोगरा होते. मोजकं बोलायचे.

माझ्या वॉर्डात हवालदार भागिनाथ शिंगाडे नर्सिंग असिस्टंट होते. पैठणच्या पलीकडचे, मेंढपाळाच्या घरातले. मी आपल्या शहरातली, कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली. एकाच जिल्ह्याची माणसं म्हणून त्यांना माझ्याविषयी जिव्हाळा होता. मला मात्र त्यांचं 'लई' आणि 'नाय' अधिकाऱ्यांसमोर ऐकलं की अवघडल्यासारखं व्हायचं.

अमेरिकन तुकडीचा तळ डोंगरापलीकडे होता. जनरेटर आणि पाण्याची यंत्रं दुरुस्त करायला त्यांची माणसं आठवड्यातून दोनदा आमच्याकडे यायची. शिंगाडे त्यांच्याशी मोडक्या इंग्रजीत तासन्‌तास बोलायचे आणि ऐकलेलं एका वहीत देवनागरीत उतरवायचे. शब्द, उच्चार आणि पुढे बोलणाऱ्याचा मुलूख. बोस्टनचा मेकॅनिक 'कार'मधला र खातो. टेक्ससचा ड्रायव्हर निघायच्या बेतात असला की 'फिक्सिन टू' म्हणतो. पिट्सबर्गचा एक जण चारचौघांना मिळून 'यिन्झ' म्हणतो, तर दक्षिणेकडचे 'यॉल'. लांबट पावाच्या एकाच सँडविचला तिघांची तीन नावं.

हे कशासाठी, असं मी विचारलं होतं. ते म्हणाले, "आमचा बाप हाळीवरून माणूस वळखायचा, मॅडम. रानात चार कळप लांब लांब असत्यात. मेंढरं वळायची हाळी परत्येक गावाची येगळी. चेहरा दिसायच्या आदी कळतं, आपला का परका."

एका सकाळी ती वही मला ड्रेसिंगच्या ट्रॉलीवर, निर्जंतुक कापसाच्या शेजारी सापडली. मी चिडले. चिडण्याचं कारण खरं होतं, पण बोलले ते त्यापलीकडचं. चार पेशंटसमोर म्हणाले, "दुसऱ्यांच्या भाषा गोळा करण्याआधी स्वतःची सुधारा."

"व्हय, मॅडम," ते म्हणाले आणि कापूस बदलायला गेले.

वही मी माझ्या ड्रॉवरमध्ये बंद केली. ती तिथे आठ दिवस होती. त्यांनी ती मागितली नाही. जनरेटरवाल्यांशी बोलणंही बंद केलं. वॉर्डात फक्त 'येस मॅडम' आणि 'नो मॅडम' उरलं. म्हणून अर्णव, गप्प झालेला माणूस कसा दिसतो ते मला माहीत आहे.

नवव्या दिवशी १५४० वाजता, म्हणजे दुपारी तीन चाळीसला, मला सिग्नलच्या तंबूत बोलावणं आलं. रेडिओवर एक अमेरिकन आवाज होता. त्यांची गाडी सुरुंगावर गेली होती. चार माणसं, दोघं गंभीर जखमी, एकाची मांडी फाटलेली. जागा आमच्यापासून अकरा किलोमीटरवर, कोरड्या नदीच्या पलीकडे. त्यांच्या तळाशी आमचा संपर्क त्या दुपारी तुटलेला होता. मदत पोचवू शकणारे आम्हीच होतो.

अडचण कोडवर्डची होती. चार दिवसांपूर्वी कोणीतरी लुटलेल्या सेटवरून उत्तम इंग्रजीत ॲम्ब्युलन्स मागवली होती. दुसऱ्या एका देशाची गाडी गेली आणि तिच्यावर गोळीबार झाला. तेव्हापासून हुकूम होता की त्या दिवसाचा कोड बरोबर असल्याशिवाय गाडी हलणार नाही. कोड दुपारी बारा वाजता बदलला होता. रेडिओवरचा माणूस जुना कोड सांगत होता. आम्ही सकाळी नऊला निघालो, नवा कागद मिळालाच नाही, असं त्याचं म्हणणं. हे खरं असू शकत होतं. लबाड माणसानेही हेच सांगितलं असतं.

माझं इंग्रजी चांगलं म्हणून सी.ओ.नी हँडसेट माझ्याकडे दिला. मी नाव, हुद्दा, नंबर, युनिट विचारलं. त्याने सगळं सांगितलं. सार्जंट आहे, गाव जॉर्जियात आहे, म्हणाला. पण हे सगळं कुठल्याही लुटलेल्या ओळखपत्रावर असतं. १५५५ झाले. मांडीच्या मोठ्या रक्तवाहिनीतून किती वेगाने रक्त जातं ते मला ठाऊक होतं. रक्त थांबवायचा पट्टा मांडीला किती वाजता आवळला, असं मी विचारलं. १५२०, तो म्हणाला. माझ्याजवळ पुढचा प्रश्न नव्हता.

स्ट्रेचर पार्टीबरोबर शिंगाडे तंबूच्या दाराशी उभे होते. आठ दिवसांत पहिल्यांदा ते आपणहून बोलले.

"मॅडम, मी इचारू का? वही लागंल."

मी धावत जाऊन वही आणली. हातात देताना काही बोलायला हवं होतं. बोलले नाही. त्यांनी दोन पानं उलटली आणि सी.ओ.नी मान हलवल्यावर हँडसेट घेतला. पुढचं संभाषण इंग्रजीत झालं, मराठीत देते.

"सार्जंट, तुझ्या घरी उन्हाळ्यात पाहुणा आला, तर आई प्यायला काय विचारते? ओव्हर."

मग आवाज आला, "इथे माणूस मरतोय. ओव्हर."

"म्हणूनच विचारतोय. आई काय म्हणते? ओव्हर."

"कोक घेणार का, म्हणते. ओव्हर."

"मग पाहुणा काय म्हणतो?"

"हो म्हणतो. मग ती विचारते, कोणता. मी असलो तर ऑरेंज सांगतो. देवाखातर गाडी पाठवा. ओव्हर."

शिंगाडेंनी वहीतल्या एका ओळीवर बोट ठेवलं आणि ती सी.ओ.ना दाखवली. दक्षिणेकडे कुठलंही शीतपेय असो, नाव कोकच, आणि मग कोणता कोक ते विचारायचं. पुस्तकातून इंग्रजी शिकलेल्याला हे सुचणार नाही. मलाही सुचलं नसतं.

"शिंगाडे, पक्का?" सी.ओ.नी विचारलं.

"पक्का, साहब. नंबर बताया तब सुना, पाच को ये फाऽव बोलता है. घर का आदमी है."

सी.ओ. माझ्याकडे वळले. वॉर्डचा माणूस पाठवायचा की नाही हे मला सांगायचं होतं. मी म्हणाले, "ही कॅन गो, सर." चार शब्द. ते मी पुढे पुष्कळदा मनात उच्चारून पाहिले आहेत.

शिंगाडेंनी टेबलावरचं पेन घेतलं, वहीत काहीतरी लिहिलं, वही माझ्या हातात परत दिली आणि गाडीत चढले. ॲम्ब्युलन्स आणि एस्कॉर्टची जीप १६१० ला गेटबाहेर पडली.

मी थिएटरमध्ये सलाइन लावून ठेवलं. रक्ताच्या बाटल्या तपासल्या, पुन्हा तपासल्या. त्या माणसाचा आवाज मी सारखा आठवत होते आणि प्रत्येक वेळी तो थोडा जास्त खोटा वाटत होता. कोणीतरी दक्षिणेत राहून आलेलं असू शकतं. ऑरेंज कोणीही म्हणू शकतं. १६४५ ला सेटवर शिंगाडेंचा आवाज आला.

"चारही जण सापडले. माणसं खरी आहेत. दोन स्ट्रेचर. परत निघतोय. ओव्हर."

सी.ओ. "रॉजर" म्हणाले आणि खुर्चीत बसले. मीही बसले. त्यानंतर सेट वाजला नाही.

गाडी १७३० ला आली. मागच्या दाराला भोकं होती. कोरड्या नदीत दोन्ही काठांवरून गोळीबार झाला होता. आम्ही मांडीची जखम असलेल्याला उतरवलं, मग दुसऱ्याला. तिसऱ्या वेळी आत गेले तेव्हा शिंगाडे दोन स्ट्रेचरच्या मधल्या जागेत दाराकडे पाठ करून बसलेले होते. गोळीबार सुरू झाल्यावर ते तसे बसले आणि उठले नाहीत, असं सार्जंटने सांगितलं. मी नाडी पाहिली. मृत्यूची वेळ लिहिली. मग थिएटरमध्ये गेले, कारण मांडीची जखम थांबणारी नव्हती. दोघंही जखमी वाचले.

सार्जंट तिसऱ्या दिवशी माझ्या तंबूत आला. उंच, चेहऱ्यावर पट्टी. त्याला शिंगाडेंचं नाव नीट म्हणायला शिकायचं होतं. घरी जाऊन आईला सांगायचं आहे, चुकीचं सांगायचं नाही, म्हणाला. 'शिंगॅडी' म्हणत होता. मी दुरुस्त केलं. तो चार वेळा चुकला. पाचव्यांदा बरोबर म्हणाला, मग टोपी डोक्यावर ठेवून निघून गेला.

मी रजेवर आले तेव्हा वही घेऊन पैठणला एस.टी.ने गेले आणि तिथून पुढे गावी. त्यांच्या पत्नीला मी ट्रॉलीची गोष्ट सांगितली. चार पेशंटसमोर काय बोलले तेही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "त्येंनी पत्रात लिवलं व्हतं. मॅडम आपल्याच जिल्ह्याच्या हायेत, लई शिस्तीच्या." बाकी काही लिहिलं नव्हतं.

सई, भावाला हसू नकोस. अर्णव, तुला ज्या शब्दावरून हसतात तो त्या वहीत आहे. 'पॉप', पुढे मिशिगन, आणि ज्याच्याकडून ऐकला त्या मेकॅनिकचं नाव. तू कुठून आलास हे त्या शब्दातून कळतं, इतकंच. ते लपवू नकोस.

वही पैठणजवळ त्यांच्या मुलाच्या घरी, पत्र्याच्या पेटीत आहे. गेल्या महिन्यात मी पुन्हा पाहिली. कडा वाळवीने खाल्ल्या आहेत, शाई विटली आहे. गाडीत चढण्यापूर्वी लिहिलेली शेवटची ओळ अजून वाचता येते: 'कोक. कोणता ते मागून विचारतात. जॉर्जिया. माणूस खरा.'